वाचक विचारतात : यलोनाइफचे तलाव आणि पाण्यापर्यंतची वाट

मागच्या अंकात कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या आमच्या उन्हाळ्याबद्दल लिहिताना ‘संध्याकाळी जेवणं उरकून आम्ही गळ टाकायला जातो’ असं एक वाक्य लिहून गेले. आलेल्या पत्रांतली बहुतेक त्या एका वाक्यावरच आहेत. मी यलोनाइफला राहते, नोकरी करते आणि सुटी मिळाली की तलावाकाठी असते. मासेमारीची मी काही गुरू नाही. पण कुठे पोचता येतं आणि कुठे येत नाही हे इथे राहून कळतं, आणि पत्रं वाचताना वाटलं की लोकांना खरं तेच हवं आहे.

ताई, जुलैमध्ये आम्ही चौघं (मुलं ९ आणि १४ वर्षांची) एडमंटनहून गाडीने यलोनाइफला येणार आहोत. होडी नाही, चालवताही येत नाही. नकाशात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तलावच तलाव दिसतात. कुठेही गाडी थांबवून गळ टाकला तर चालेल ना? — एडमंटनहून एक वाचक

चालायला हरकत नाही, पण पाण्यापर्यंत चालता आलं पाहिजे! नकाशात निळं टिंब रस्त्याला चिकटलेलं दिसतं. प्रत्यक्षात मधल्या पन्नास मीटरांत मस्केग असते, म्हणजे शेवाळाची जाड गादी आणि तिच्याखाली काळं पाणी. त्यात खुरट्या काळ्या स्प्रूस झाडांची गर्दी. गुडघ्यापर्यंत पाय जातो आणि बूट आतच राहतो. जिथे दलदल नाही तिथे गुळगुळीत पुरातन खडक थेट पाण्यात उतरतो. आणि जिथे छान सपाट जागा दिसते तिथे कुणाची तरी केबिन असते. म्हणून इथे तलाव शोधायचा नसतो. पूल, होडी उतरवायचा उतार किंवा धक्का यांपैकी एक काहीतरी शोधायचं. ते सापडलं की तलाव आपोआप सापडतो.

तुमच्यासाठी हायवे ४, म्हणजे इंग्रहम ट्रेल. शहरापासून पूर्वेकडे साधारण सत्तर किलोमीटर जाऊन टिबिट लेकपाशी हा रस्ता संपतो. पुढे रस्ताच नाही. (हिवाळ्यात तिथून पुढे गोठलेल्या तलावांवरून हिऱ्यांच्या खाणींकडे बर्फाचा रस्ता सुरू होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ट्रेलवर अवजड ट्रकांची रांग असते, त्या दिवसांत याल तर अंतर ठेवा.) खालची जमीन गोठते-वितळते, त्यामुळे रस्त्याला लाटा आल्यात. मागच्या सीटवरच्यांना सांगून ठेवा.

निघालात की पहिल्यांदा यलोनाइफ नदीचा पूल लागतो. शहरापासून इतका जवळ की मुलांनी ‘अजून किती वेळ’ विचारायच्या आत तुम्ही पोचलेले असता. तिथे होडीचा उतार आहे आणि काठावर उभं राहायला जागा आहे. पाइक मिळतो. इथले लोक त्याला जॅकफिश म्हणतात. लांबट, हिरवट, अंगावर फिकट ठिपके आणि तोंडात सुयांसारखे दात. मुलांसाठी हाच मासा बरा, कारण तो खोल पाण्यात दडत नाही. गवताळ, उथळ खाडीत दबा धरून बसतो आणि समोरून काही चमकतं गेलं की झेपावतो. चमच्यासारखं साधं धातूचं आमिष पुरतं. फक्त गळाच्या वर वीतभर तारेचा तुकडा लावा, नाहीतर दोरी दातांत कापली जाते आणि आमिषही जातं.

साधारण वीस किलोमीटरवर प्रॉस्परस लेक आहे. दिवसाच्या सहलीची जागा आणि होडीचा उतार. लोक इथून होड्या घेऊन लेक ट्राउट या माशाच्या मागे जातात. काठावरच्या माणसाला जुलैत ट्राउट मिळण्याची आशा कमीच. त्याला थंड पाणी लागतं, वरचा थर तापला की तो खाली जातो. मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला बर्फ नुकताच गेलेला असताना तो काठाजवळ, वरच्या पाण्यात असतो. तुम्ही जुलैत येताय तेव्हा ट्राउटचा हट्ट सोडा. मुलांचा विरस होईल.

तीस किलोमीटरच्या आसपास प्रेल्यूड लेक. तुमचा तंबू मी इथे ठोकायला सांगेन. टेरिटोरियल पार्कची मोठी राहण्याची जागा आहे, वाळूचा किनारा आहे, होडीचा उतार आहे. नऊ वर्षांच्या मुलाला गळाचा कंटाळा आला तर पाण्यात खेळता येतं, हे फार महत्त्वाचं. शुक्रवार-शनिवारच्या जागा शहरातलेच लोक आधी आरक्षित करून टाकतात, तेव्हा वसंतात ऑनलाइन आरक्षण उघडलं की लगेच करा. सोमवार ते गुरुवार आलात तर निवांत.

पुढे पंचेचाळीसेक किलोमीटरवर हिडन लेक पार्कची पाटी दिसेल. तिथून सव्वा किलोमीटरची पायवाट कॅमरन फॉल्सला जाते. ती मासे धरण्यासाठी नव्हे, चालण्यासाठी करा. गळ ठेवा आणखी दहाएक किलोमीटरवरच्या कॅमरन नदीच्या पुलासाठी. वाहतं, स्वच्छ, थंड पाणी, आणि त्यात ग्रेलिंग. हा मासा हातभरही नसतो, पण पाठीवरचा पर शिडासारखा उभा राहतो आणि त्यावर निळे-जांभळे ठिपके असतात. चौदा वर्षांच्या पोराच्या हातात गळाचा हलका दांडा आणि अगदी छोटा स्पिनर, म्हणजे पाण्यात गरगर फिरणारं आमिष, द्या. प्रवाहाच्या मधोमध फेकायचं नाही. जिथे वेगवान पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातात त्या रेषेवर आमिष वाहू द्यायचं. ग्रेलिंग संथ बाजूला उभा असतो आणि वेगवान बाजूने वाहत येणारे किडे टिपतो.

साठ किलोमीटरच्या सुमारास रीड लेकचा पार्क आहे, तोही राहण्याजोगा आणि प्रेल्यूडपेक्षा शांत. मात्र शहर सोडल्यावर थोड्याच वेळात फोनची रेंज जाते. कुठे चाललोय आणि कधी परतू हे शहरात कुणालातरी सांगून निघा. हॉटेलातल्या काउंटरवर सांगितलं तरी चालेल.

आणि येताना वाटेतलं विसरू नका. तुम्ही सगळा रस्ता गाडीने येताय, तर फोर्ट प्रॉव्हिडन्सला मॅकेन्झी नदीकाठी थांबा. तिथे पाइक मिळतो आणि वॉलाय मिळतो, त्याला इकडे पिकरेल म्हणतात. खायला पिकरेलसारखा मासा नाही, हे माझं ठाम मत आहे.

सासू-सासरे नाशिकहून दोन महिन्यांसाठी येत आहेत. आमच्याकडे परवाना आहे. त्यांनी नुसता दांडा हातात धरला तर त्यांनाही लागतो का? — कॅलगरीहून एक वाचक

लागतो. दांडा हातात धरला, म्हणजे मासेमारी केली. ‘फोटोपुरतं’ हे कारण मत्स्य अधिकारी रोज ऐकतात.

तुमचा कॅलगरीचा परवानाही इथे चालत नाही, हे आधी लक्षात घ्या. तो अल्बर्टाचा. नॉर्थवेस्ट टेरिटरीजचा वेगळा घ्यावा लागतो आणि त्याचे दर तीन पायऱ्यांत आहेत : इथले रहिवासी, कॅनडातले इतर, आणि परदेशी पाहुणे. सासू-सासरे तिसऱ्या पायरीवर. पाहुण्यांना तीन दिवसांचा किंवा वर्षाचा घेता येतो. वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपतं, त्यामुळे मार्चच्या शेवटी वर्षाचा परवाना काढू नका. ऑनलाइन मिळतो. परवान्याबरोबर त्या वर्षाची नियमपुस्तिका डाउनलोड करून घ्या आणि खरोखर वाचा. माशांची मर्यादा तलावागणिक बदलते आणि शहराजवळच्या तलावांवर ती जास्त कडक असते, कारण तिथेच सगळे जातात.

पुस्तिकेत दोन मर्यादा दिसतील, एक दिवसाची आणि एक जवळ बाळगण्याची. लोकांचा घोळ दुसरीत होतो. जवळ बाळगणे म्हणजे गाडीतल्या पेटीतलं नव्हे फक्त. मुक्कामाच्या फ्रीजरमध्ये ठेवलेलंही त्यात धरतात. रोज दिवसाची मर्यादा भरून आठवड्याचा साठा करू, हा हिशेब इथे बसत नाही. शिवाय जिवंत मासा आमिष म्हणून वापरायला बंदी आहे.

मी टोरंटोत आयटीत आहे. हवा भरायची कयाक घेतली आहे. ग्रेट स्लेव्ह लेकवर एकट्याने जाऊन मोठा ट्राउट मारायचा विचार आहे. ऑगस्टमध्ये पाणी किती थंड असतं? — टोरंटोहून एक वाचक

एवढं थंड की हा बेत रद्द करा.

भाऊ, रागावू नका. तलाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पलीकडचा काठ येतो. हा २८ हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे, आणि पूर्वेकडच्या भागात, ज्याला ईस्ट आर्म म्हणतात, तिथे ६१४ मीटर खोल. उत्तर अमेरिकेत याहून खोल तलाव नाही. एवढं पाणी ऑगस्टमध्येही तापत नाही. मुख्य तलावावरचा बर्फ जायलाच जून उजाडतो. खुल्या पाण्यावर वारा सुटला की अर्ध्या तासात लाटा उठतात. इथले जुनेजाणते मोठ्या ॲल्युमिनियमच्या होड्यांतून जातात, आणि तेही वारा पाहून कधी कधी दिवसभर किनाऱ्यावर बसून चहा पितात. हवा भरलेली कयाक वाऱ्यात पानासारखी वाहत जाते. पाण्यात पडलात तर पहिल्या काही मिनिटांत श्वासावरचा ताबा जातो, मग हातापायांतली ताकद. पोहता येणं तिथे कामाचं नाही.

कयाक आणायचीच असेल तर आणा, पण छोट्या तलावावर, काठाकाठाने, लाइफजॅकेट अंगात घालून. बॅगेत ठेवलेलं लाइफजॅकेट नियमाला चालतं, तुम्हाला नाही. मोटर लावलेली होडी चालवायला कॅनडात इतरत्र होडीचालक कार्ड लागतं, नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या पाण्यात मात्र ते सक्तीचं नाही. 

मोठा ट्राउटच हवा असेल तर पैसे साठवा आणि ईस्ट आर्मला किंवा त्याहून उत्तरेच्या ग्रेट बेअर लेकला विमानाने जा. यलोनाइफच्या जुन्या गावातून पाण्यावर उतरणारी छोटी विमानं सुटतात. लॉजचा हंगाम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. गळाने धरलेल्या लेक ट्राउटचा जागतिक विक्रम १९९५ साली ग्रेट बेअर लेकवरच झाला, ७२ पौंड. पण एक ऐका : हे मासे अतिशय हळू वाढतात. इतक्या उत्तरेला ट्राउटला पहिली अंडी घालायलाच दहा-पंधरा वर्षं लागू शकतात, आणि पन्नाशी गाठलेले मासेही सापडतात. तुमच्याहून वयाने मोठा असलेला मासा ‘मारायचा’ हा शब्द मला तरी जड जातो. फोटो काढा आणि सोडा. गळाचा उलटा दात पकडीने दाबून सपाट करून ठेवलात तर सोडणं सोपं होतं. हात ओले करा, कल्ल्यांत बोटं घालू नका, आणि शक्य तो मासा पाण्याबाहेर काढूच नका.

ईस्ट आर्मचा मोठा भाग २०१९ पासून थायडेने नेने राष्ट्रीय उद्यान राखीव क्षेत्रात येतो. राष्ट्रीय उद्यानाच्या पाण्यात मासेमारीचा वेगळा परवाना लागतो आणि ५० ग्रॅमपेक्षा हलकी शिशाची वजनं चालत नाहीत. लॉजवाल्यांना विचारा, त्यांना हद्द माहीत असते.

आम्ही नुकतेच यलोनाइफला आलो आहोत. शेजारी म्हणतात इथल्या तलावांत आर्सेनिक आहे. मग मासे खायचे की नाही? — यलोनाइफमधून एक वाचक

शेजारी बरोबर सांगताहेत, पण अर्धंच.

शहराच्या वेशीवर जायंट माइन ही सोन्याची खाण १९४८ ते २००४ चालली. खनिज भाजताना आर्सेनिक ट्रायऑक्साइडची विषारी धूळ निघायची. सुरुवातीच्या वर्षांत ती धुराड्यातून थेट हवेत गेली आणि आसपासच्या जमिनीवर, तलावांवर बसली. पुढे धूळ पकडून भुयारांत साठवली, ती २ लाख ३७ हजार टन अजून तिथेच आहे आणि जमीन गोठवून जागच्या जागी धरून ठेवण्याचं काम चालू आहे. इंग्रहम ट्रेलला जाताना तुम्ही याच खाणीला वळसा घालून जाता.

म्हणून शहरातले आणि खाणीलगतचे छोटे तलाव खाण्याच्या माशांसाठी सोडून द्या. टाउनच्या मधोमध असलेला फ्रेम लेक फिरायला सुंदर आहे, गळ टाकायला नाही. खाणीतून वाहणारा बेकर क्रीकही नको. टेरिटरीच्या आरोग्य खात्याची तलाववार यादी आहे, ती वरचेवर सुधारतात. फोनमध्ये साठवून ठेवा.

पाण्याबद्दल मात्र एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगा. कॅम्पिंगला गेलं की आपण तलावाचं पाणी उकळतो आणि निश्चिंत होतो. उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. शहराच्या आसपास फिरताना पिण्याचं पाणी घरून न्या.

दुसरा विषय पाऱ्याचा, आणि त्याचा खाणीशी संबंध असायलाच हवा असं नाही. पारा छोट्या जीवांतून छोट्या माशांत, त्यांच्यातून मोठ्या माशांत साठत जातो. म्हणजे दुसऱ्या माशांवर जगणारा म्हातारा, मोठा पाइक किंवा ट्राउट यांच्यात सर्वांत जास्त. व्हाइटफिश किडे-गोगलगायी खातो, त्याच्यात कमी. आमच्या घरी सरळ नियम आहे : मोठा सोडायचा, मध्यम खायचा. गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर यादीतला सल्ला जास्त काटेकोरपणे पाळा.

आणि गळाला काहीच लागलं नाही तर जुन्या गावात जाऊन ग्रेट स्लेव्हचा ताजा व्हाइटफिश विकत घ्या. त्यात कमीपणा नाही. हे टेरिटरीत राहणाऱ्या बऱ्याच लोकांचं रोजचं जेवण आहे.

जॅकफिशला काटे फार असतात असं ऐकलं. आमचं आयुष्य कोकणात मासे खाण्यात गेलं, पण हा मासा कसा कापायचा ते कळेना. मुलगा म्हणतो फेकून द्या. — मुलाकडे आलेले एक वाचक

काका, फेकू नका! मुलाला जरा बाजूला बसवा.

अडचण काट्यांच्या संख्येची नाही, त्यांच्या आकाराची आहे. पाइकला कण्याशिवाय इंग्रजी वाय अक्षरासारख्या दुफाटी काट्यांची एक वेगळी रांग असते, दोन्ही बाजूंना, मांसाच्या आत रुतलेली. आपण करतो तशा आडव्या तुकड्या केल्यात तर प्रत्येक तुकडीत ते येणार.

आधी मासा व्हिनेगरने पुसून घ्या, अंगावरची बुळबुळ फार असते आणि सुरी घसरते. मग त्याला पोटावर बसवा, पाठ वर. डोक्याच्या मागे सुरी उभी खाली उतरवा. काही वेळाने टोकाला बारीक करकर लागेल, ते काटे. तिथे थांबा, सुरी आडवी करा आणि त्या काट्यांवरून अलगद घसरवत पाठीच्या पराच्या अलीकडे वर काढा. हातात पाठीची एक जाड पट्टी येईल, एकही काटा नसलेली. आता माशाकडे वरून बघा. जिथून पट्टी निघाली तिथे कण्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या टिंबांची एकेक रांग दिसेल. ती त्या काट्यांची टोकं. त्या रांगेच्या बाहेरच्या अंगाने सुरी खाली घ्या, काट्यांच्या बाकाला धरून, बरगड्यांवरून पोटापर्यंत. एका बाजूचा तुकडा सुटला, तसाच दुसऱ्या बाजूचा. पराच्या मागे शेपटीकडे ते काटे नसतातच, तिथले दोन तुकडे सरळ कण्यावरून काढून घ्या. झाले पाच तुकडे. काटे सगळे सांगाड्यावर राहतात.

मांस पांढरं, घट्ट आणि सौम्य चवीचं. हळद, मीठ, तिखट लावून रव्यात घोळवून तळा. सुरमईची अपेक्षा ठेवू नका, पण पानात उरत नाही.

एकच सावधानता, ही कापाकापी घरी पोचल्यावर करा. वाटेत असाल तर तुकड्यांवर कातडीचा भाग ठेवा. मासा कुठल्या जातीचा आणि किती आहेत हे अधिकाऱ्याला ओळखता आलं पाहिजे.

गोठलेल्या तलावावर भोक पाडून मासे धरतात ते करायचं आहे. डिसेंबरच्या सुटीत येऊ का? — व्हँकुव्हरहून एक वाचक

मार्चमध्ये या. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम पाच तासांचा, पारा उणे तीसच्या घरात, आणि बर्फ कुठे किती जाड झालाय याचा भरवसा नाही. मार्च अखेरीस बारा तासांहून जास्त उजेड असतो, उन्हात बसवतं, आणि बर्फ मीटरभर जाड असतो. भोक पाडायचं गिरमिट तेवढं लांब आहे ना ते पाहून घ्या. नवख्यांचं गिरमिट पाण्याआधी संपतं आणि मग सगळे एकमेकांकडे बघत उभे राहतात.

जाडीचा ढोबळ हिशेब : चालणाऱ्या माणसाला किमान १० सेंटिमीटर, छोट्या गाडीला ३०. हा हिशेब निळसर, पारदर्शक बर्फाचा. पांढरा, दुधी बर्फ निम्म्या ताकदीचा धरा. आणि नदीचं तोंड, दोन तलावांमधली चिंचोळी, पुलाखालचं पाणी इथे बर्फ मार्चमध्येही फसवतो, कारण खालून प्रवाह तो खात असतो. वर भुसभुशीत हिम साचलेलं असेल तर ते पांघरुणाचं काम करतं आणि खालचा बर्फ पातळच राहतो. सपाट पांढरं दिसतं म्हणून सगळीकडे सारखं नसतं.

तुम्ही पहिल्यांदा करताय तर वाटाड्या घ्या. तापवलेली झोपडी, गिरमिट, दांडे सगळं त्याचं. इथल्या बर्फावर तुम्हाला कधी कधी ओळीत रोवलेल्या काठ्या दिसतील. त्या बर्फाखाली लावलेल्या जाळ्यांच्या खुणा असतात. उन्हाळ्यात त्याच जागी तरंगते बोये असतात. डेने लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, इथे कायम मासेमारी करत आले आहेत आणि तो त्यांचा करारांनी मान्य झालेला हक्क आहे. जाळ्याला हात लावायचा नाही, त्याच्याजवळ भोक पाडायचं नाही. तसंच, मासेमारीचा परवाना म्हणजे कुठल्याही जमिनीवर जायची परवानगी नव्हे. हायवे ३ वर बेचोको गावाच्या आसपासची बरीच जमीन त्लिचो या डेने लोकांच्या स्वतःच्या सरकारच्या मालकीची आहे. पार्क किंवा सार्वजनिक उतार सोडून आत शिरायचं असेल तर आधी विचारा.

डास आणि अस्वलं? — दोन-तीन वाचक

डास जूनमध्ये आणि जुलैत असह्य. डोक्यावरून घ्यायची जाळी विकत घ्या, तिच्यापुढे लाज बाळगू नका. ऑगस्टच्या मध्यानंतर सुसह्य होतात.

अस्वलं काळी, आणि त्यांना तुमच्यापेक्षा माशाच्या आतड्यांत रस. साफसफाई तंबूपाशी करू नका, घाण पार्कच्या अस्वलरोधक पेटीत टाका. मासे कापलेले कपडे घालून तंबूत झोपू नका. उन्हाळ्यात वणव्यांची खबरही रोज बघा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अख्खं यलोनाइफ रिकामं करावं लागलं होतं, तीन आठवडे कुणी घरी नव्हतं. शेकोटीला बंदी असली तर ती तुम्हालाही आहे.

ताई, तुमची स्वतःची हमखास जागा कोणती? कुणाला सांगणार नाही. — नाव नको म्हणणारे एक वाचक

मीही नाही.

एडमंटन ते यलोनाइफ एका दमात गाडी मारता येईल का? — रेड डीअरहून एक वाचक

साधारण साडेचौदाशे किलोमीटर आहेत, दोन दिवस ठेवा. रस्ता आता सलग आहे. २०१२ साली फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळ मॅकेन्झीवर डे चो पूल झाला, त्याआधी उन्हाळ्यात फेरीबोट आणि हिवाळ्यात गोठलेली नदी होती, आणि दोन्हींच्या मधल्या आठवड्यांत काहीच नाही.

फोर्ट प्रॉव्हिडन्सला टाकी पूर्ण भरा, अर्धी भरलेली असली तरी. तिथून बेचोकोपर्यंत दोनशेहून जास्त किलोमीटर पंप नाही. सुटं चाक खरंच सुटं आणि हवा भरलेलं आहे ना पाहा. या पट्ट्यात वुड बायसन, म्हणजे गव्यासारखे रानटी प्राणी, रस्त्यावर येतात, टनभर वजनाचे नर संध्याकाळी डांबरावर पहुडतात आणि रंगाने रस्त्यात मिसळून जातात. अंधारात वेग कमी ठेवा. वाटेत बसलेले दिसले तर गाडी लांब थांबवा, हॉर्न वाजवू नका, फोटोसाठी उतरू नका. बहुधा दहा-पंधरा मिनिटांत उठतात. नाही उठले तर थर्मास सोबत ठेवायचा तो याचसाठी.